एका खुराची दुसरी पत्री

पुन्हा उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर आल्या आहेत. सकाळच्या एसटीची काच धुरकट असते, बाहेरचं धड दिसत नाही, पण गाड्या आल्या हे कानाला आधी कळतं. डांबरावर लोखंड आपटल्याचा आवाज. गाडी रिकामी असली की तो हलका आणि भरभर येतो, भरलेली असली की एकेक पाऊल सुटं ऐकू येतं. मग उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं काचेला घासून जातं, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवतो, कंडक्टर कुणालाही उद्देशून नाही असं "चालू झालं यांचं" म्हणतो. आता होळी उलटेपर्यंत मी रोज कामावर उशिरा पोचणार.

हंगाम म्हटलं की इकडे तो कशाचा हे कुणी विचारत नाही. कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघाला की तो सुरू होतो आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की संपतो. आमच्या संग्रहालयाचा हंगामही नेमका तोच. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतात, त्यांच्यामागे शाळांच्या सहली, मग नाताळ, मग जोडून आलेल्या सुट्ट्या, आणि उन्हं तापली की सगळं ओसाड. आमचे सर त्याला 'सीझन' म्हणतात. घोडेगावहून नगरला जाताना मी रोज सकाळी हंगामातून निघते आणि सीझनमध्ये पोचते. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे धूळ, आणि संध्याकाळी दुखणारे पाय तेच.

असे काही हंगाम आता माझ्या पाठीशी आहेत. बरेचसे एकमेकांत मिसळून गेलेत. पहिला मात्र वेगळा राहिला आहे, आणि गाड्यांचा आवाज आला की तोच वर येतो.

संग्रहालय म्हणजे जुन्या दगडी इमारतीतली दोन दालनं आणि एक ओसरी. पहिल्या दालनात नाणी, तलवारी, फुटक्या मूर्ती. दुसऱ्यात लोकांनी आणून दिलेल्या वस्तू: मापटी, अडकित्ते, हातमागाचे धोटे, एक मोट, जिचं कातडं वाळून ताठ झालेलं आहे. या दुसऱ्या दालनाचं छप्पर गळतं. पावसाळ्यात तिथे बादल्या ठेवतात आणि दिवाळीच्या आधी उचलतात. शहराचं नाव बदललं तेव्हा फाटकावरच्या बोर्डावर नव्या नावाची पट्टी आली. पर्यटक तिच्याखाली फोटो काढतात आणि फोनवर घरी सांगतात, नगरला पोचलो.

हे सगळं गुंजाळ सर चालवतात. निवृत्त इतिहास शिक्षक, उंच, पाठीत थोडे वाकलेले. त्यांनी मला घेतलं ते इंग्रजीसाठी. पाट्या दोन्ही भाषांत हव्या होत्या. मी घरी आमची हिंदी, गल्लीत इकडची मराठी आणि पिवळ्या व्हॅनमधून जायचं त्या शाळेत इंग्रजी अशी वाढले. त्यामुळे कुठल्याच भाषेत मोठ्यानं बोलायची सवय लागली नाही. पाट्या लिहिण्याचं काम मला म्हणूनच बरं वाटलं. लिहून भिंतीवर लावलं की आपण बाजूला व्हायचं. गळ्यातलं ओळखपत्रही मी बरेचदा उलटं ठेवते. आफरीन हे नाव वाचून लोक पुढचा प्रश्न विचारतात, मग त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि तोवर वस्तू बघायची राहून जाते.

पहिल्या महिन्यात मी वस्तूंपेक्षा माणसंच जास्त पाहिली. आमच्याकडे लोक दाराशी चपला काढतात. 'चपला काढण्याची आवश्यकता नाही' अशी पाटी आहे. लोक ती थांबून वाचतात आणि चपला काढतात. बसमधले बहुतेक जण आदल्या दिवशी शिर्डी आणि त्या सकाळी शिंगणापूर करून पुण्याकडे परतत असतात. सकाळपासून जिथे जिथे उतरले तिथे देव होता, मग इथेही असणारच. थंड फरशीवरून ते अनवाणी, रांगेत, हळू आवाजात चालतात. डोकं नसलेल्या मूर्तीपुढे एखादं नाणं ठेवतात. शेवटच्या कपाटापाशी पोचले की इकडेतिकडे बघतात, कारण प्रसाद कुठे मिळतो ते दिसत नाही. मला हसू यायचं, आणि मग थोड्या वेळानं यायचं नाही. जसं लक्ष देऊन ते बघतात तसं लक्ष तलवारीचे फोटो काढणाऱ्यांकडे नसतं.

त्या वर्षी एका टूरवाल्यानं आमच्याकडे बस थांबवून बघायचं कबूल केलं होतं. लोकांना आवडलं तर थांबा कायमचा. थांबा कायमचा झाला तर संग्रहालयाच्या ट्रस्टची मंडळी छपराचं मनावर घेणार. सर हे कुणाला समजावून सांगत नसत, पण बस आली की ते ओसरीवर येऊन उतरणारी माणसं बघत उभे राहत आणि त्यांचे ओठ हलत.

दुसऱ्या दालनातल्या एका कपाटात माझ्या आजोबांच्या वस्तू आहेत.

आजोबा नालबंद होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात लिंबाखाली त्यांची जागा होती. हंगामाच्या आधी, दसऱ्यापासून पुढे, गाडीवान बैल घेऊन यायचे. डांबरी रस्त्यावर ओझं ओढायचं तर बैलाच्या खुराला लोखंड हवं, नाहीतर खूर झिजून रक्त येतं. त्या लोखंडाला पत्री म्हणतात. बोटभर लांबीचा, चंद्रकोरीसारखा चपटा तुकडा. घोड्याचं खूर अखंड असतं, त्याला एक नाल बसते. बैलाचं दुभंगलेलं, म्हणून एका खुराला दोन पत्र्या. मी अगदी लहान असताना आजोबांना काम करताना पाहिलं आहे. कासरा पायांतून फिरवून ते असा काही ओढत की एवढं मोठं जनावर आवाज न करता कुशीवर बसत जाई. मग पाय बांधायचे, खूर तासायचं, पत्री धरायची, खिळे ठोकायचे. तोंडात खिळे धरलेले असायचे, त्यामुळे काम चालू असताना त्यांच्याशी कुणी बोलत नसे. मला ते फार आवडायचं. शांत बसायला माझ्याकडे कारण नव्हतं, त्यांच्याकडे होतं.

अब्बांनी ते काम शिकून सोडलं. फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. मी संग्रहालयात लागले तेव्हा त्यांनी माळ्यावरचं पोतं काढलं. हातोडी, खूर तासायची पटाशी, खिळ्यांची डबी आणि आजोबांनी घडवून ठेवलेल्या, कुठल्याच बैलाच्या पायात न गेलेल्या काही पत्र्या. घरात तेवढंच उरलं होतं. त्यांनी सगळं रॉकेलनं पुसलं, कोरड्या फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

"तुमच्या सरांना म्हनावं, बैलाचं हाय एवढं लिव्हा," ते म्हणाले. अब्बा माझ्याशी हिंदीत बोलतात, पण कामाचं बोलणं मराठीत येतं, बाजाराच्या मराठीत. "बाकी काय लिव्हायचं ते लिव्हा."

मी लिहिलं. मराठीत 'बैलांच्या पत्र्या', इंग्रजीत 'बुलक शूज', खाली आजोबांचं नाव आणि गाव. पाट्या बाहेरून छापून आल्या तेव्हा कार्डावर होतं: 'घोड्याच्या नाला. नालबंद, घोडेगाव.' खाली इंग्रजीत 'हॉर्स शूज'. जिथे छापलं तिथल्या माणसाला बैल बूट घालतो हे पटलं नसावं. त्यात गावाचं नावच घोडेगाव. त्यानं विचार करून, आपल्या परीनं आमची चूक सुधारली होती. जागा पुरेना म्हणून आजोबांचं नाव काढून टाकलं होतं.

मी सरांना सांगितलं. मला बोलायला वेळ लागतो, पण त्या दिवशी लगेच सांगितलं.

"अरे," सर म्हणाले. कार्ड डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी दोनदा वाचलं. "बघतो. आता बस येतेय ना, आत्ता राहू दे. सीझन संपला की सगळ्या चुका एकदम छापून घेऊ."

त्याच दुपारी बस आली. त्यातल्या एका बाईंनी कार्ड वाचलं आणि हाक मारून बाकीच्यांना बोलावलं. शिंगणापूरच्या रस्त्यावर काळ्या घोड्याच्या नालेच्या अंगठ्या विकायला असतात. शनीची पीडा असली की ती बोटात घालतात. त्या सगळ्यांनी सकाळीच त्या बघितल्या होत्या, काहींच्या बोटात होत्या, आणि इथे काचेआड खरी, जुनी, घोडेगावची नाल. शनीच्या वाटेवरचंच गाव. कुणीतरी काचेला हात लावून कपाळाला लावला. मग सगळ्यांनीच.

त्यानंतर सगळा सीझनभर ते कपाट सोडून लोक हलत नव्हते. पुढच्या बसमधले लोक उतरतानाच विचारत, नाल कुठे आहे. टूरवाला माइकवर आधीच सांगून ठेवत असावा. विकत देता का, निदान झिजलेला तुकडा, असंही विचारत. संध्याकाळी मी काच पुसायचे. तिच्यावर बोटांचे तेलकट ठसे आणि मधूनच कुंकू असायचं. शेजारच्या कपाटांच्या काचा स्वच्छ असायच्या. त्या मी आठवड्यातून एकदा पुसत असे.

सर खूश होते असं म्हणता येणार नाही. एकदा मी पुन्हा म्हटलं, "सर, ती बैलाची आहे." ते खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. "मला माहीत आहे हो, मॅडम. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पण ही माणसं नालेसाठी येतात आणि जाता जाता बाकीचंही बघतात. एवढा सीझन जाऊ द्या." ते इतकं थकलेलं बोलणं होतं की मला पुढे काही म्हणावंसं वाटलं नाही. पावसाळ्यात बादल्या उचलणारे तेच होते.

घरी अब्बा विचारायचे, "बदललं का?" मी म्हणायचे, "सीझन संपला की." ते मान हलवायचे. आधी रोज विचारत, मग अधूनमधून, मग जेवताना नुसते माझ्याकडे बघत आणि मी मान हलवत असे.

गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. पोचवली कुणी ते माहीत नाही, सहलीला आलेल्या एखाद्या पोरानं घरी सांगितलं असेल. बाजारच्या दिवशी अब्बांच्या दुकानाच्या बाकावर जुने गाडीवान चहाला बसतात. सुट्टीच्या दिवशी मी आत बसलेली असताना ऐकलं.

"रशीदभाई, म्हातारा तुमचा घोडेवाला निघाला की. आमाला कदी बोलला न्हाई."

"मंग आमच्या बैलास्नी काय वरातीची नाल मारली व्हय त्यानं?" दुसरा म्हणाला. "तरीच माजा ढवळा बँड ऐकला की नाचायचा."

सगळे हसले. अब्बाही हसले. "नाचंल न्हाई तर काय," ते म्हणाले, "मालकासारखा मालक मिळाला त्याला." पुन्हा हसणं झालं. मग ते खाली बसून टायर खोलायला लागले आणि बराच वेळ त्यांनी वर बघितलं नाही. थट्टा करणारी माणसं मायेची होती. आजोबांच्या हातून ज्यांच्या बैलांना पत्र्या लागल्या असे तेवढेच उरले होते. ते गेले की कार्डावर लिहिलेलंच खरं राहणार, हे अब्बांना कळत होतं, आणि बहुतेक त्यांनाही.

"माझ्या बापानं घोड्याच्या पायाला कदी हात लावला न्हाई," रात्रीच्या जेवणात अब्बा एवढंच म्हणाले. "घोड्याचे नालबंद येगळे. ते शहरात आसायचे." अम्मीनं भाकरी वाढली.

मग एक पत्री गेली. कपाटाची सरकती काच खालून नीट बसत नाही, तिथून कुणीतरी बोटं आत घातली असावीत. कापडावर तिच्या आकाराचा स्वच्छ, गडद ठिपका राहिला होता, भोवती धूळ. ज्यानं नेली त्यानं ती कुठल्या तरी लोहाराकडे देऊन अंगठी करून घेतली असेल. त्याची पीडा गेली असेल तर बरंच आहे. मला राग यायला हवा होता. मी फक्त कपाटासमोरच्या स्टुलावर बसून राहिले. पत्र्या आम्ही जोडीजोडीनं मांडल्या होत्या. आता एका जोडीतली एकच पडून होती.

सरांना ती मोकळी जागा बघवेना. दोन दिवसांनी ते रुमालात काहीतरी बांधून घेऊन आले. लग्नात घोडी पुरवणारा त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, त्याच्याकडची नाल. चांगली मोठी, वापरून चकचकीत झालेली. ती त्यांनी कापडावर मधोमध ठेवली, दोन पावलं मागे येऊन पाहिलं आणि म्हणाले, "आता कार्डही काही अगदीच चूक नाही."

ते विनोद करत नव्हते. मी कार्ड वाचलं, नाल बघितली, आणि मला पहिल्यांदा भीतीसारखं काहीतरी वाटलं. मी वस्तूंना पाट्या लिहीत होते, आणि इथे पाटीप्रमाणे वस्तू आणून ठेवली होती. बाजूच्या पत्र्या तिच्यापुढे नालेचे तुटलेले तुकडे दिसत होत्या. लोकही तसंच समजू लागले.

संध्याकाळी मी अब्बांना सांगितलं. ते पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी ट्यूब आणखी थोडी फिरवली, बुडबुडा सापडला, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "उद्या उघडं आसतं का?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते माझ्याबरोबर एसटीत बसले. ईदला घालतात तो पांढरा शर्ट घातला होता. रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली होती. प्रत्येक बैलाच्या पायांकडे ते खिडकीतून वाकून बघत होते. संग्रहालयाच्या दाराशी त्यांनी पाटी वाचली आणि चपला काढल्या.

कपाटासमोर बसमधली माणसं होती. अब्बा कडेला उभे राहिले, हात मागे बांधून. त्यांच्या पुढे नऊवारी नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांचा मुलगा. मुलगा पुण्यात नोकरीला होता, ते त्याच्या बोलण्यावरून कळत होतं, आणि आई परभणीकडची.

"ही काळ्या घोड्याची हाय का वो?" बाईंनी विचारलं. शेजारी वयस्कर माणूस दिसला म्हणून अब्बांनाच विचारलं.

अब्बांनी घसा साफ केला. "ही मधली घोडीची हाय, ताई. लग्नातल्या. पांढरी आसंल. या बाजूच्या बारक्या दिसतात त्या बैलाच्या."

"पण इथे तर घोडा लिहिलंय," मुलगा म्हणाला.

"ते चुकलंय," अब्बा म्हणाले. पंक्चर मागच्या चाकात नाही, पुढच्या चाकात आहे असं सांगावं, तसं.

"बैलाला येवढ्या बारीक?"

"खूर फाटलेलं आसतं ना त्याचं. दोन नख्या. येका खुराला दोन पत्र्या."

बाईंनी हात तोंडाशी नेला. "अगं बया, व्हय की. आमच्या घरी हुते की बैल. मी कशी इसरले." मग त्या काचेजवळ वाकल्या आणि आता खरोखर बघायला लागल्या. पटाशीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यानं खूर तासायचे. अन् आमचे बाबा, बैल पाडायची येळ झाली की घरात जाऊन बसायचे. त्यास्नी बघवायचं न्हाई. आतूनच वरडायचे, झालं का, झालं का."

"लई जन जायचे," अब्बा म्हणाले. "माझा बाप म्हनायचा, मालक आत गेला का बैल लौकर गप व्हतो. मालक समोर आसला का त्यो त्याच्याकडं बघत ऱ्हातो."

"तुमचे वडील नालबंद हुते?"

"ह्या त्याच्याच हातच्या."

बाईंनी काचेला हात लावला, मधल्या नालेसमोर नाही, बाजूला, पत्र्यांसमोर, आणि तो डोळ्यांना लावला. पोळ्याला बैलाच्या कपाळाला हात लावून मग आपल्या डोळ्यांना लावतात तसा. मुलगा म्हणाला, "आई, बाहेर जाऊन नालेची अंगठी घ्यायची ना?" त्या म्हणाल्या, "नगं. घोड्याचं काय करू मी." मग अब्बांकडे वळून "येते, भाऊ" म्हणाल्या आणि त्यांच्या रांगेत गेल्या.

सर दारात उभे होते. कधीपासून, ते मला माहीत नाही. बस निघून गेल्यावर ते किल्ली घेऊन आले, कपाट उघडलं, मधली नाल उचलली आणि रुमालात गुंडाळली.

"रशीदभाई ना तुम्ही? गेलेल्या पत्रीच्या जागी तशीच दुसरी मिळेल का कुठे?"

"मिळंल की. पन त्याच्या हातची न्हाई मिळायची." अब्बांनी कापडावरच्या त्या ठिपक्याकडे पाहिलं. "मोकळी ऱ्हाऊ द्या."

सरांनी कार्ड काढलं. टेबलाशी जाऊन एक कोरा कागद घेतला, शाळेच्या फळ्यावर काढत असतील तसं ठळक अक्षर काढायला बसले. "काय लिहू?"

"बैल."

"नुसतं बैल?" सरांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "हसन नालबंद यांच्या बैलांच्या पत्र्या."

"बैल त्याचे नव्हते, सर," अब्बा म्हणाले. "लोकांचे व्हते. पत्र्या त्याच्या."

सर हसले. त्या सीझनमध्ये मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यांनी दुसरा कागद घेतला. 'बैलांच्या पत्र्या. घडवणारे व ठोकणारे: हसन नालबंद, घोडेगाव.' खाली एक ओळ मोकळी सोडली आणि मला म्हणाले, "इंग्रजी तुम्ही घाला, मॅडम."

अब्बा चहा घेऊन पुढच्या एसटीनं परत गेले. दुपारनंतर दुकान उघडायचं होतं.

मला वाटतं, वाचणाऱ्याला इथे थांबायला आवडेल. पण सीझन अजून संपला नव्हता. पुढच्या बसमधले लोक कपाटाशी आले, कागद वाचला, "बैलाची आहे होय" म्हणाले आणि निघाले. टूरवाल्यानं आणखी दोन-तीन दिवस बस थांबवली, मग एक दिवस आड, मग वेळ होत नाही म्हणाला. पट्टा पडायच्या आधीच आमच्याकडचं सगळं ओसरलं होतं. छप्पर तसंच आहे. मध्यंतरी वरून निळं प्लास्टिक टाकलंय. सर त्याविषयी मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्यांनी बोलायला हवं होतं असं मला कधीकधी वाटतं. ते बोलले असते तर मला काही उत्तर तरी शोधावं लागलं असतं. आता काच पुसावी लागत नाही, हे खरं आहे. कुणीतरी थांबतं, महिन्यातून एखाददुसरं. बहुतेक म्हातारं माणूस असतं. काचेजवळ वाकतं, आणि मग बरोबरच्या नातवाला आपल्या घरच्या बैलांची नावं सांगायला लागतं. नातू मोबाईलमधून मान वर काढतो किंवा काढत नाही.

अब्बा पुन्हा आले नाहीत. मी विचारलं होतं. "लिव्हलंय ना बैल?" ते म्हणाले. "मंग परत काय बघायचं." बाजारातले म्हातारे मात्र एकदा जीप करून बघून आले आणि आठवडाभर एकमेकांच्या चुका काढत होते, कुणाच्या बैलाला कोणत्या साली पत्र्या मारल्या त्यावरून.

सरांचा तो हातानं लिहिलेला कागद अजून तसाच आहे. कडा वळल्यात, शाई थोडी तपकिरी झालीय. छापून घ्यायचं दर वर्षी ठरतं. खालची इंग्रजीची ओळ अजून मोकळी आहे. 'बुलक शूज' लिहिलं तर पुन्हा कुणाला तरी ते सुधारावंसं वाटेल, आणि 'पत्री' इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर कुणाला कळणार नाही. सर आठवण करून देतात तेव्हा मी म्हणते, सीझन संपू द्या, सर. ते मान हलवतात.

आज सकाळी घाटाच्या अलीकडे एसटी थांबली ती हलेना. पुढे एक उसाची गाडी भर रस्त्यात उभी होती. मागे ट्रक, टेम्पो, शिंगणापूरहून येणाऱ्या गाड्या, सगळ्यांचे हॉर्न. कंडक्टर दारातून ओरडला, "काय झालं रे? टायर बसला का?" मी काच सरकवून बघितलं. गाडीवान खाली उतरला होता. त्यानं डाव्या बैलाचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला होता आणि अंगठ्यानं खूर चाचपत होता. एवढ्या हॉर्नमध्ये, एवढ्या उसाखाली, पायांच्या आवाजातला एक आवाज कमी झालेला त्याला कळला होता. एका नखीला पत्री होती. दुसरी मोकळी होती.

"काय न्हाई," तो मागे न बघता म्हणाला. "येक पडली. थांबा जरा."

आम्ही थांबलो.